जुन्या शिडाच्या नौकेची पारख

शिडाची जुनी नौका विकत घ्यावी की न घ्यावी हा प्रश्न लाकडाच्या काळात आजच्याइतका बिकट नव्हता. कारण लाकडी नौकेचे वार्धक्य लपून राहत नसे. फळ्यांच्या सांधी सुटत, खिळे गंजत, कण्याच्या लाकडात कीड शिरे, आणि अखंड देखभाल लाभलेल्या मोजक्या नौका सोडल्या तर बाकीच्या तीस-चाळीस वर्षांत एखाद्या खाडीच्या चिखलात नाहीशा होत. काचतंतू आणि रेझिन यांच्या मिश्रणातून, म्हणजे आपण ज्याला फायबरग्लास म्हणतो त्यातून, साच्यावर नौका घडू लागल्या तेव्हा ही स्थिती पालटली. १९५६ साली फिलिप ऱ्होड्स यांच्या आराखड्यावरून ‘बाउंटी टू’ ही एकेचाळीस फुटी नौका या पद्धतीने निघाली, आणि १९५९ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या पीअर्सन नावाच्या दोन चुलतभावांनी कार्ल अल्बर्ग यांनी आखलेली ‘ट्रायटन’ ही अठ्ठावीस फुटी नौका न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडून, मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबालाही समुद्रपर्यटनाची नौका बाळगता येईल हे दाखवून दिले. पुढील पंचवीस वर्षांत इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, स्वीडन, तैवान अशा नाना ठिकाणच्या कारखान्यांतून अशा हजारो नौका बाहेर पडल्या. त्या कुजल्या नाहीत, त्यांना कीड लागली नाही. आणि म्हणूनच त्यांतील पुष्कळशा आजही सोलंटच्या सामुद्रधुनीत, चेसापीकच्या उपसागरात, भूमध्य समुद्राच्या धक्क्यांवर विक्रीचा फलक लावून उभ्या आहेत. तीस ते अडतीस फूट लांबीची, दोघांना सहज चालवता येईल आणि चौघांना आठवडाभर राहता येईल अशी नौका नव्या नौकेच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळते, आणि ती इतकी स्वस्त का मिळते याचा शोध घेणे हेच खरेदीदाराचे पहिले काम ठरते.

या विषयावर जाणत्या माणसांत दोन तट आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, जुन्या नौका जाड बांध्याच्या आणि दणकट असून आजच्या पातळ नौकांची त्यांच्याशी बरोबरी होणार नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, जुनी नौका स्वस्तात घेणारा मनुष्य पुढे दुरुस्तीपायी नव्या नौकेइतकाच पैसा ओततो आणि शेवटी त्याच्या हाती जुनी नौकाच राहते. दोन्ही पक्षांपाशी खरी उदाहरणे आहेत. तथापि, दोघेही नौकेला एकजिनसी वस्तू समजून तिच्या वयाविषयी बोलतात, आणि वादाचा घोळ तेथेच होतो असे माझे मत आहे. काचतंतूचे कवच एका गतीने जुने होते. त्याला जेथे जेथे धातू, लाकूड किंवा यंत्र जोडले आहे ते सांधे अगदी निराळ्या, पुष्कळच जलद गतीने जुने होतात. चाळीस वर्षांच्या नौकेत चाळीस वर्षांचे असे फार थोडे असते आणि तेच बहुधा सुस्थितीत असते. पारख करावयाची ती सांध्यांची.

लाकडी नौकांच्या मालकांना ही गोष्ट शिकवावी लागत नसे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश खलाशाने ज्या नौकेतून कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती बत्तीस फुटी ‘सुहेली’ मुंबईत, आपल्याकडच्या सागवानात, आपल्या सुतारांच्या हातून घडली आणि १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. १४ जून १९६८ रोजी फाल्मथहून निघालेली ही नौका २२ एप्रिल १९६९ रोजी परतली. परंतु प्रवासाच्या आरंभीच, अटलांटिकमध्ये, कण्यालगतच्या फळीच्या सांधीतून पाणी आत येऊ लागले होते. तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्यात बुड्या मारून त्या सांधीवर कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा ठोकला. सागवानाने दगा दिला नव्हता, सांध्याने दिला होता. नॉक्स-जॉन्स्टन यांचा हा प्रवास ज्या शर्यतीतला होता तिच्या स्मरणार्थ २०१८ पासून पुन्हा सुरू झालेल्या ‘गोल्डन ग्लोब’ स्पर्धेत बत्तीस ते छत्तीस फुटी, लांब कण्याच्या, १९८८ पूर्वी आखलेल्या नौकांनाच प्रवेश आहे. २०२३ मध्ये भारतीय खलाशी अभिलाष टॉमी यांनी ‘रस्लर ३६’ जातीच्या नौकेतून या स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला, तेव्हा जुन्या आराखड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांना मोठा आधार मिळाला. मात्र अशा स्पर्धकांच्या नौका निघण्यापूर्वी डोलकाठीपासून सुकाणूपर्यंत जवळजवळ नव्याने सजवलेल्या असतात, हे विक्रीची जाहिरात वाचताना विसरून चालत नाही.

आता कवचापासून आरंभ करू. आरंभीच्या बांधणाऱ्यांना या नव्या द्रव्याची ताकद नेमकी किती हे अजमावता आलेले नव्हते, म्हणून त्यांनी थरावर थर चढवून भरपूर जाडी दिली. १९७३ नंतर खनिज तेल महागले, त्याबरोबर रेझिनही महागले, आणि हात आखडला. यावरून १९७३ पूर्वीची ती सारी उत्तम असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. परंतु रेझिन अधिक आणि काचतंतू कमी अशी जाडी केवळ वजन वाढवते, बळ वाढवीत नाही. खरेदीदाराच्या मनात सर्वांत अधिक धास्ती असते ती तळावरच्या फोडांची. पॉलिएस्टर रेझिनमधून पाण्याचे रेणू हळूहळू आत झिरपतात, आत राहून गेलेली द्रव्ये त्यात विरघळतात, तो द्राव आणखी पाणी ओढून घेतो आणि बाहेरच्या रंगीत थराखाली दाब वाढून फोड उठतात. फोड टोचला असता व्हिनेगरच्या वासाचा चिकट द्रव बाहेर येतो. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात आणि थंड पाण्यापेक्षा उष्ण पाण्यात ही क्रिया जलद होते. बांधणीचे साल येथे किती महत्त्वाचे ठरते याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रॉबर्ट पेरी यांनी आखलेली ‘व्हॅलियंट ४०’: आराखडा नामांकित, बांधणी चोख, परंतु १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आग लवकर पकडू नये म्हणून निराळे रेझिन वापरले गेले आणि त्या काही वर्षांतल्या नौकांना विपुल फोड आले. इतके असूनही त्यांतील अनेक नौका आजवर महासागर ओलांडीत आहेत. फोडांमुळे नौका बुडाल्याचे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. वरचा थर सोलून, कवच कित्येक महिने वाळवून, वर इपॉक्सीचे थर देणे हा उपाय खर्चिक असला तरी परिचित आहे. म्हणून फोड दिसले की पळ काढणाऱ्यांशी मी सहमत नाही; ते किंमत उतरवून घेण्याचे कारण आहे, व्यवहार मोडण्याचे नव्हे.

डेकची गोष्ट अगदी वेगळी. तेथे काचतंतूच्या दोन पातळ थरांच्या मध्ये बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड, तंतूंची टोके वरखाली राहतील अशा रीतीने कापून, भरलेले असते. त्यामुळे डेक हलके राहते आणि पायाखाली दबत नाही. बांधणी कोरडी राहील तोवर हिच्यासारखी सोय नाही. पण डेकला दोर अडकवण्याचे खुंट, कठड्याचे खांब, खिडक्या, कप्प्या अशा पन्नास वस्तू बोल्टांनी जखडलेल्या असतात. प्रत्येक बोल्टाचे भोक त्या लाकडातून आरपार जाते, आणि भोकाभोवतीचे लेपण वाळून तडकले की पावसाचे पाणी थेंबाथेंबाने आत शिरून लाकडाचा लगदा करते. वरून काहीही दिसत नाही, उलट नवा रंग दिलेला असतो. परीक्षा करावयाची ती हातोडीच्या प्लास्टिकच्या मुठीने, वीत-वीत अंतरावर हलकेच ठोकीत आणि कान देऊन. बाजारात मडके घेणारी गृहिणी बोटाच्या पेराने ते वाजवून पाहते, तीच ही विद्या: निकोप भागातून खणखणीत, आखूड नाद येतो, भिजलेल्या भागातून भद्द, बुजलेला आवाज येतो, आणि जेथे वरचा थर लाकडापासून सुटला आहे तेथे किंचित फडफड ऐकू येते. खडूने सीमा आखीत जावे म्हणजे तासाभरात डेकवर रोगाचा नकाशाच उमटतो. डोलकाठीचा पाया, कठड्याच्या खांबांची बुडे आणि नाळेवरील नांगराच्या रहाटाभोवतालची जागा येथे विशेष वेळ द्यावा. ओलावा मोजण्याचे यंत्र उपयोगी असते, परंतु तळाला लावलेल्या तांबेयुक्त रंगाने आणि नुकत्याच पाण्याबाहेर काढलेल्या पृष्ठभागाने ते फसते. कानाचा दाखला त्याहून भरवशाचा. तैवानमध्ये १९७० आणि १९८० च्या दशकांत बांधलेल्या अनेक देखण्या नौकांच्या डेकवर सागवानाच्या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी बसवलेल्या आहेत. पाहणाऱ्याचे मन तेथेच विरघळते. पण प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याला एक वाट आहे, आणि ते डेक उकलून नव्याने करण्याचा खर्च कित्येकदा नौकेच्या किमतीशी स्पर्धा करतो. इतर सर्व गोष्टी मनाजोगत्या असल्या तरी पायाखाली मऊ लागणारे सागवानी डेक असेल तर मी त्या नौकेची शिफारस करणार नाही.

कीलच्या, म्हणजे नौकेच्या तळाखालच्या वजनदार कण्याच्या, बाबतीत प्रश्न पैशापुरता राहत नाही. पुष्कळ जुन्या लांब कण्याच्या नौकांत बिडाचे किंवा शिशाचे ओझे कवचाच्या पोकळीतच भरलेले असते, म्हणून सांधाच नसतो. तळ खडकावर घासून ती पोकळी फुटली आहे काय एवढे पाहिले म्हणजे पुरे. पुढच्या पिढीत आखूड, खोल, पंखासारखी कील आली आणि ती बोल्टांनी कवचाला टांगली गेली. या बोल्टांवर नौकेचे उभे राहणे अवलंबून असते. ते बहुधा स्टेनलेस पोलादाचे असतात, आणि या पोलादाचा चकचकीतपणा हवेतील प्राणवायूच्या सान्निध्यात बनणाऱ्या एका सूक्ष्म थरावर टिकून असतो. जेथे ओल आहे पण हवा पोचत नाही, अशा सांध्याच्या अंधारात तो थर नाहीसा होतो आणि गंज आतल्या आत खात जातो. नौका पाण्याबाहेर टांगलेली असताना कील आणि तळ यांच्या सांध्यावर, विशेषतः पुढच्या टोकाशी, आडवी फट दिसते काय ते पाहावे. त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे कीलचे मागचे टोक. नौका वेगात असताना कील खडकावर आदळली तर तिचे मागचे टोक वर दाबले जाते, आणि आतल्या आडव्या आधारांना तेथे तडे जातात. म्हणून केबिनच्या तक्तपोशीच्या फळ्या उचलून, बॅटरीच्या उजेडात, ते आधार कवचापासून सुटले आहेत काय हे बोट फिरवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. २०१४ च्या मे महिन्यात ‘चीकी रफीकी’ ही चाळीस फुटी नौका अँटिग्वाहून इंग्लंडकडे परतताना अटलांटिकमध्ये कील गमावून उलटली आणि चारही खलाशी गेले. ब्रिटिश सागरी अपघात अन्वेषण शाखेने आपल्या अहवालात पूर्वीचे आघात आणि त्यांनंतरच्या दुरुस्त्या यांच्या एकत्रित परिणामाकडे निर्देश केला. विकणाऱ्याला प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच: नौका कधी कोठे रुतली वा आदळली होती काय, आणि दुरुस्ती कोणी केली?

येथे आराखड्याचाही विचार करावा लागतो, कारण सर्व जुन्या नौका एकाच स्वभावाच्या नाहीत. १९७९ च्या ऑगस्टमधील ‘फास्टनेट’ शर्यतीत ३०३ नौका निघाल्या होत्या. वादळात पंधरा स्पर्धक मृत्यू पावले आणि पाच नौका बुडाल्या. सर्वांत लहान वर्गातून एकच नौका शर्यत पुरी करून परतली, ती डेव्हिड सॅडलर यांच्या आराखड्याची ‘कॉन्टेसा ३२’ जातीची ‘असेंट’. अरुंद, खोल आणि वजनदार अशी ही जात केबिनमध्ये ऐसपैस जागा देत नाही, पण उलटली तर चटकन सावरते. किनाऱ्याकिनाऱ्याने सुट्टीत फिरणाऱ्या कुटुंबाने रुंद नौका पसंत केली तर त्यात वावगे काही नाही. महासागर ओलांडू इच्छिणाऱ्याने मात्र केबिनच्या रुंदीपेक्षा या गुणाला अधिक मोल द्यावे.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आणि पुढून-मागून तोलून धरणाऱ्या पोलादी तारा दहा ते पंधरा वर्षांनी बदलाव्यात, असा विमा कंपन्यांचा आणि कारागिरांचा सर्वसाधारण प्रघात आहे. तारेवरून कापसाचे फडके फिरवले की तुटलेला तंतू त्यात अडकतो. टोकाच्या दाबून बसवलेल्या नळ्यांवरील केसासारख्या भेगा भिंगाखाली पाहाव्या लागतात. पण तारा उघड्यावर असतात आणि सहज बदलता येतात. त्या ज्यांना जखडलेल्या असतात त्या पट्ट्या, ज्यांना चेनप्लेट म्हणतात, डेकच्या जाडीतून खाली उतरून आतल्या लाकडी पडद्याला किंवा कवचाला बोल्टांनी बांधलेल्या असतात, आणि कित्येक नौकांत सुबक फर्निचरच्या मागे कायमच्या झाकल्या जातात. दक्षिण इंग्लंडच्या एका गोदीत, एका परिचित गृहस्थांच्या आग्रहावरून, त्यांनी पसंत केलेल्या नौकेची अशी एक पट्टी काढलेली मी पाहिली. डेकच्या वरचा तिचा भाग लख्ख होता. केबिनमधला भागही स्वच्छ होता. मधला बोटभर रुंदीचा, डेकच्या आत दडलेला भाग तपकिरी, चिकट राळेने माखलेला निघाला, आणि कारागिराने तो तारेच्या ब्रशने घासताच पट्टीच्या एका कडेपासून जवळजवळ मध्यापर्यंत गेलेली आडवी भेग स्पष्ट दिसू लागली. कारागिराने ती पट्टी शेगड्यात धरून हातोडीचे दोन घाव घातले. पट्टीचे दोन तुकडे झाले. ती नौका मालकाने गेल्याच आठवड्यात भर वाऱ्यात चालवली होती. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की, वीस वर्षांहून जुन्या नौकेत निदान एक चेनप्लेट काढून पाहिल्यावाचून केलेली तपासणी अपुरी समजावी.

सुकाणू आणि तळाच्या तोट्या यांविषयी थोडक्यात. सुकाणूच्या पात्यात पोलादी दांड्याला जोडलेल्या पट्ट्या फोमच्या गाभ्यात बुडवलेल्या असतात. नौका पाण्याबाहेर काढल्यावर पात्याच्या खालच्या कडेतून दिवसेंदिवस तांबूस पाणी गळत असेल तर आतले काम संपत आले असे समजावे. तळातून आरपार जाणाऱ्या प्रत्येक तोटीची मूठ हाताने फिरली पाहिजे. साध्या पितळेतील जस्त समुद्राच्या पाण्यात निघून जाऊन मागे गुलाबी, भुसभुशीत तांबे उरते, म्हणून धातू खरवडून त्याचा रंग पाहावा. शिडांवर उन्हाचा परिणाम शिवणीच्या दोऱ्यावर आधी होतो. नखाने ओढल्यावर दोरा तुटला तर कापडाची स्तुती ऐकण्यात अर्थ नाही.

इंजिनाची तपासणी त्याला हात लावण्यापासून सुरू होते. तुम्ही येण्यापूर्वीच ते गरम असेल तर ते तापवून ठेवलेले आहे असे समजून दुसऱ्या दिवशी यावे. थंड डिझेल इंजिन कसे सुरू होते यावरून त्याच्या सिलिंडरांची अवस्था जितकी कळते तितकी दुसऱ्या कशानेही कळत नाही. काळा धूर निघाला तर भार फाजील आहे किंवा इंधन पुरते जळत नाही. निळा निघाला तर वंगणतेल जळते आहे. पांढरा रेंगाळला तर कच्चे इंधन किंवा पाणी बाहेर पडते आहे. तेलाची काठी ओढून पाहिली असता तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळलेले आहे. जुन्या नौकांत इंजिन थेट समुद्राच्या पाण्याने थंड केले जाई, आणि अशा इंजिनांच्या आतल्या वाटा क्षाराने अरुंद होतात. म्हणून समुद्रावर नेऊन पूर्ण वेगात अर्धा तास चालवून उष्णतेचा काटा कोठे स्थिरावतो ते पाहावे. पर्किन्स ४-१०८ सारखी इंजिने जगभर वापरात असल्यामुळे त्यांचे भाग आणि जाणकार दोन्ही मिळतात, हा गुण अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा मोलाचा.

गोव्यात किंवा मुंबईत नौका ठेवू इच्छिणाऱ्या मराठी खरेदीदाराला या साऱ्या गणितात थोडा फेरफार करावा लागेल. दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत घडलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि पुढे तेथेच ‘तारिणी’ही घडली, अर्थात काचतंतूचे काम जाणणारे हात आपल्याकडे आहेत, आणि भिजलेले डेक उकलून नवे बसवणे परदेशातल्यापेक्षा येथे कमी भयप्रद ठरावे. उलट तारा, त्यांची टोके, इंजिनाचे भाग हा माल बाहेरून जकात भरून आणावा लागतो. म्हणून तिकडे डेक पाहून नौका नाकारणाऱ्याने येथे डोलकाठीची आणि यंत्राची अवस्था अधिक कठोरपणे पाहावी. आपले उष्ण पाणी तळाच्या फोडांना अनुकूल आहे, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

राहता राहिले दस्तऐवज आणि पैसा. नौकेवरचा बोजा मालकाबरोबर जात नाही, नौकेबरोबर जातो. गोदीचे थकलेले भाडे, खलाशांचा पगार, गहाणाची रक्कम यांचा तगादा नव्या मालकाकडे येऊ शकतो. अमेरिकेतील नौका असेल तर तटरक्षक दलाच्या दप्तरातून मालकीच्या नोंदींचा उतारा मागवावा. युरोपात कर भरल्याचा पुरावा मागावा, आणि तो नसल्यास नौका १९८५ पूर्वी वापरात आली होती व ३१ डिसेंबर १९९२ रोजी युरोपीय समुदायाच्या हद्दीत होती हे दाखवणारे कागद तरी असावेत, कारण त्या सवलतीवर अनेक जुन्या नौका आजवर फिरत आल्या आहेत. तपासनीस स्वतःच्या पैशाने नेमावा आणि दलालाने सुचवलेला नेमू नये. त्याचा अहवाल कितीही लांबलचक असला तरी त्यात ‘जे झाकलेले होते ते पाहिलेले नाही’ या अर्थाचे कलम असतेच, आणि आपला सारा प्रश्न नेमका झाकलेल्या भागांचाच असल्यामुळे तपासनिसाला काय उघडून पाहावयाचे आहे हे आधी लेखी कळवणे इष्ट. तारा, शिडे, इंजिन आणि विजेची तारजोडणी या चार बाबींचा बदलण्याचा खर्च कागदावर मांडून तो मागितलेल्या किमतीत मिळवावा. ती बेरीज आणि चांगली राखलेल्या, दीडपट महाग सांगितलेल्या शेजारच्या नौकेची किंमत यांची तुलना केली असता महागडी नौका बहुधा स्वस्त पडते. इसार देताना करारात तीन अटी घालाव्यात: नौका पाण्याबाहेर काढून तपासणी, समुद्रावर चालवून चाचणी, आणि खरेदीदाराच्या खर्चाने एक चेनप्लेट व तक्तपोशीच्या फळ्या काढण्याची परवानगी. पहिल्या दोन अटींना कोणी हरकत घेत नाही. तिसरीला मालकाने हरकत घेतली, तर इसाराची रक्कम परत मागून पुढची नौका पाहावयास निघावे.